बोलोन्याहून एका दिवसात राव्हेन्ना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सप्टेंबरला इटलीतल्या बोलोन्यात आपली नवी मुलं शिकायला येतात. खोली, परमेसो (वास्तव्याचा परवाना), बँकेचं खातं ही धावपळ जरा निवली की ऑक्टोबरमधल्या एखाद्या शुक्रवारी रात्री मेसेज येतोच : "ताई, उद्या राव्हेन्नाला निघालोय, काय काय बघू?" इतकी वर्षं तीच उत्तरं निरनिराळ्या मुलांना लिहीत आले, ती इथे एकत्र केली आहेत. गाड्यांच्या वेळा आणि दर बदलत असतात, ते निघायच्या आदल्या रात्री बघा. बाकीचं फारसं बदलत नाही.

१. फ्लोरेन्स, व्हेनिस सोडून राव्हेन्नाला कशाला जायचं?

फ्लोरेन्स-व्हेनिसला तुम्ही जालच, कोणी सांगायची गरज नाही. राव्हेन्नाला मात्र कोणीतरी ढकलावं लागतं, म्हणून मी ढकलते.

इ.स. ४०२ मध्ये सम्राट होनोरिअसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून इथे हलवली. भोवती दलदल, शेजारी क्लास्सेचं बंदर, त्यामुळे शत्रूला शहर घेणं अवघड आणि समुद्राची वाट मोकळी. ४७६ मध्ये शेवटचा सम्राट पदच्युत झाला. ४९३ मध्ये ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकने शहर घेतलं. ५४० मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पूर्व रोमन (बायझंटाइन) साम्राज्याच्या, सैन्याने ते जिंकलं आणि ७५१ पर्यंत तिथल्या सम्राटाचा कारभार इथून चालला. म्हणजे रोमन, गॉथ आणि बायझंटाइन अशा तीन सत्ता एका लहानशा गावात पाठोपाठ नांदल्या आणि प्रत्येकीने भिंतींवर मोझाइकचं, म्हणजे रंगीत तुकड्यांच्या चित्रांचं, काम करून घेतलं. पुढे समुद्र मागे हटला, बंदर गाळाने भरलं, गावाचं महत्त्व गेलं. माझ्या मते म्हणूनच हे काम टिकलं. श्रीमंत शहरांत जुनं पाडून नवं बांधतात, इथे पाडायला फारसं कोणी आलंच नाही.

१९९६ मध्ये इथल्या आठ वास्तू युनेस्कोच्या यादीत गेल्या. आठही एका दिवसात बघायच्या का, ते प्रश्न ८ मध्ये.

२. बोलोन्याहून कसं जायचं? किती वेळ लागतो?

साधी रीजनल गाडी. थेट गाडीला सव्वा तासाच्या आसपास लागतात आणि एका बाजूचं तिकीट दहा युरोच्या आत असतं. रीजनल गाडीचा दर ठरलेला असतो, आधी काढलं म्हणून स्वस्त पडत नाही. काही गाड्यांत कास्तेलबोलोन्येजेला बदलावं लागतं. बदलायला पाचच मिनिटं मिळत असतील तर ती गाडी सोडा आणि पुढची थेट घ्या.

बोलोन्याच्या स्टेशनात एक गोष्ट नव्या मुलांना हमखास चकवते. तिथे "३", "३ एस्त" आणि "३ ओव्हेस्त" हे तीन वेगळे फलाट आहेत. एस्त म्हणजे पूर्व, ओव्हेस्त म्हणजे पश्चिम. बोर्डावर आकड्यापुढचा शब्दही वाचा आणि स्टेशनात पंधरा मिनिटं आधी पोचा. वेगवान गाड्यांचे फलाट खाली जमिनीत आहेत, तिकडे आपलं काम नाही.

३. तिकीट पंच केलं नाही तर खरंच दंड होतो?

होतो, आणि "मी विद्यार्थी आहे, मला माहीत नव्हतं" हे ऐकून घेतलं जात नाही. कागदी रीजनल तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ उठवून घ्यायची. यंत्र बंद असेल तर तिकिटावर पेनाने तारीख, वेळ आणि स्टेशनचं नाव लिहा आणि गाडीत चढल्यावर तिकीट तपासनिसाला स्वतःहून जाऊन सांगा. तो येईपर्यंत वाट बघू नका.

फोनवरच्या तिकिटाला पंचिंग नाही, पण चेक-इन आहे. तिकिटाबरोबर येणाऱ्या लिंकवर किंवा अ‍ॅपमध्ये, चढण्याआधी. फोनची बॅटरी संपणं हेही कारण चालत नाही. परतीच्या प्रवासापर्यंत फोन जिवंत राहील याची सोय करून निघा.

४. मी बोलोन्यात नाही. मिलान, फ्लोरेन्स किंवा व्हेनिसहून एका दिवसात जमेल का?

मिलानहून जमतं : वेगवान गाडीने बोलोन्या तासाभरात, पुढे प्रश्न २ प्रमाणे. वेगवान गाडीचं तिकीट मात्र आधी काढलं तरच परवडतं. फ्लोरेन्सहून डोंगरातून फाएन्झामार्गे जाणारी जुनी लाइन आहे. हळू आहे, पण खिडकीतून आपेनिनचे डोंगर दिसतात आणि मला स्वतःला तो रस्ता फार आवडतो. व्हेनिसहून फेर्रारामार्गे बदलत यायचं. एका बाजूला तीन तास धरा. व्हेनिसवाल्यांनी एक रात्र राहावं असं मी सांगेन.

५. कधी जावं? कोणता वार टाळू?

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च उत्तम. एप्रिल-मेमध्ये शाळांच्या सहली येतात आणि लहान वास्तूंच्या दाराशी रांगा लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा दमट असतो, शिवाय १५ ऑगस्टच्या आसपास इटलीतली बरीचशी दुकानं बंद असतात. २३ जुलैला सांत आपोल्लिनारेचा दिवस, म्हणजे गावाचा स्वतःचा सण.

इटलीत सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद ठेवण्याची पद्धत आहे. राव्हेन्नातल्या महत्त्वाच्या वास्तू दोन वेगळ्या व्यवस्थांकडे आहेत (प्रश्न ६), त्यामुळे सोमवारी गेलात तर काही उघडं आणि काही बंद असं होऊ शकतं. हिवाळ्यात वेळा आखूड होतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला दारं लागायला लागतात. डिसेंबरात दुपारी बारा वाजता पोचून "सगळं बघू" म्हणणाऱ्यांचा हिरमोड ठरलेला.

६. एकच तिकीट सगळीकडे चालतं ना?

नाही. या विषयावर सगळ्यात जास्त मेसेज येतात, म्हणून सावकाश वाचा.

चर्चच्या धर्मप्रांताचं एक एकत्रित तिकीट आहे. त्यात सान व्हिताले चर्च, गाल्ला प्लाचीदियाची समाधी, सांत आपोल्लिनारे नुओव्हो चर्च, बिशप निओनचं बाप्तिस्मागृह आणि आर्चबिशपचं संग्रहालय व तिथलं लहान प्रार्थनामंदिर एवढं येतं. बाहेर एकदा साधं जेवलात तर जेवढे पैसे जातील साधारण तेवढ्यात. थिओडोरिकची समाधी, आरियन बाप्तिस्मागृह आणि गावाबाहेरचं सांत आपोल्लिनारे इन क्लास्से या वास्तू सरकारकडे आहेत, त्यांची तिकिटं वेगळी.

एकत्रित तिकीट घेतलं तरी गाल्ला प्लाचीदिया आणि निओनचं बाप्तिस्मागृह या दोन लहान जागांसाठी आत जायची वेळ राखून ठेवावी लागते. आत माणसं मोजूनच सोडतात. श्वासाची वाफ आणि गर्दी यांपासून मोझाइक जपायचं तर ते करावंच लागतं. ऑनलाइन तिकीट काढताना वेळ निवडता येते. शनिवार-रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशीच निवडा, ऐन वेळेवर सोडू नका.

७. विद्यार्थी म्हणून सवलत मिळते का? माझ्या इटालियन मैत्रिणीला दोन युरोत सोडलं, मला पूर्ण तिकीट लावलं.

तुमच्यावर अन्याय झाला नाही, नियमच तसा आहे. सरकारी वास्तूंत १८ ते २५ वयोगटाला दोन युरोचं तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकत्वावर मिळतं, शिक्षण कुठे चालू आहे त्यावर नाही. भारतीय पासपोर्टवर ते मिळत नाही.

पण दोन वाटा आहेत. पहिली : वास्तुकला, वारसा-संवर्धन, पुरातत्त्व, कलेतिहास अशा विषयांना इथल्या विद्यापीठात नाव घातलेलं असेल तर सरकारी वास्तूंत प्रवेश मोफत असतो, आणि तिथे नागरिकत्व नव्हे तर नोंदणी बघतात. नुसतं कार्ड पुरत नाही, कारण त्यावर विषय नसतो. चालू वर्षाचा नोंदणीचा दाखला, म्हणजे चेर्तिफिकातो दि इस्क्रित्सिओने, छापून न्या. दुसरी : महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं सगळ्यांनाच मोफत असतात. अर्थात त्या दिवशी गर्दीही तशीच.

धर्मप्रांताच्या एकत्रित तिकिटाचे नियम वेगळे आहेत. तिथे खिडकीवर युनिव्हर्सिटीचं कार्ड दाखवून सवलत आहे का ते विचारा.

८. आठही वास्तू एका दिवसात होतात का? क्रम काय ठेवू?

पायांनी होतात, डोळ्यांनी होत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सात उरकल्या होत्या. रात्री गाडीत बसल्यावर कुठला घुमट कुठल्या इमारतीतला हेच आठवेना. तेव्हापासून मी सगळ्यांना चार सांगते, फार तर पाच.

मी स्वतः असं जाते. सकाळी स्टेशनातून सरळ व्हिया फारीनीने चालत पिआत्सा देल पोपोलो, तिथून उत्तर-पश्चिमेला सान व्हिताले. एकूण वीस मिनिटांचं चालणं. गाल्ला प्लाचीदिया त्याच आवारात आहे, तिची वेळ सकाळची घ्यायची आणि आधी ती बघायची. मग सान व्हितालेला पूर्ण एक तास. तिथून निओनचं बाप्तिस्मागृह आणि शेजारचं आर्चबिशपचं प्रार्थनामंदिर. जेवण (प्रश्न १५). दुपारी कवी दान्तेची समाधी आणि सान फ्रांचेस्को चर्च. शेवटी सांत आपोल्लिनारे नुओव्हो, कारण ते स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे आणि तिथून गाडी गाठायला पळापळ होत नाही.

वाटेत एखादी छोटी दुर्बीण पिशवीत असू द्या. मोझाइक उंचावर असतं आणि फोनच्या झूममधून बघितलं की ते फोनमध्येच राहतं.

९. गाल्ला प्लाचीदियात पाचच मिनिटं थांबू देतात म्हणे. पाच मिनिटांत काय बघणार?

गर्दीच्या दिवसांत एवढाच वेळ मिळतो, हे खरं. म्हणून आत काय आहे ते आधी माहीत हवं.

बाहेरून ही साधी विटांची, बुटकी इमारत आहे. आत शिरलात की पहिलं मिनिट काहीच बघू नका, नुसतं उभं राहा. खिडक्यांना अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत, त्यातून मधासारखा पिवळसर उजेड येतो आणि डोळ्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो. मग वर बघा. गर्द निळं आभाळ, त्यात मधोमध सोन्याचा क्रूस आणि त्याभोवती वर्तुळात फिरणाऱ्या शेकडो चांदण्या. मागे वळून दाराच्या वर बघा : मेंढ्यांमध्ये बसलेला तरुण मेंढपाळ, दाढी नसलेला ख्रिस्त. समोरच्या भिंतीवर आगीवरची लोखंडी जाळी, एका हातात क्रूस घेऊन तिच्याकडे चाललेला संत लॉरेन्स आणि एक उघडं कपाट. कपाटात चार पुस्तकं आहेत आणि चौघा शुभवर्तमानकारांची, म्हणजे ख्रिस्तचरित्र लिहिणाऱ्यांची, नावं त्यांवर लिहिली आहेत. पंधराशे वर्षांपूर्वीचं पुस्तकांचं कपाट! बाजूच्या कमानींत पाणी प्यायला आलेली हरणं आहेत, ती चुकवू नका.

गाल्ला प्लाचीदिया ही सम्राट थिओडोसिअसची मुलगी, होनोरिअसची सावत्र बहीण. ४१० मध्ये व्हिसिगॉथांनी रोम लुटलं तेव्हा तिला धरून नेलं. पुढे त्यांच्याच राजाशी तिचं लग्न झालं, तो मारला गेला, ती परत आली, दुसरं लग्न झालं, आणि ४२५ पासून लहान मुलाच्या नावाने तिने इथून साम्राज्य चालवलं. ती ४५० मध्ये रोममध्ये वारली आणि बहुधा तिथेच पुरली गेली. समाधी तिच्या नावाची असली तरी ती इथे नाही.

१०. सान व्हितालेत घुमट बघून निराशा झाली. फोटोतलं मोझाइक कुठे आहे?

दारातून आत येऊन सरळ वर बघितलंत, म्हणून. मधल्या मोठ्या घुमटावर अठराव्या शतकातली रंगीत चित्रं आहेत, त्यांचा या कामाशी संबंध नाही. मोझाइक वेदीच्या भागात आहे. पुढे जा, तिथे उभं राहा आणि मग मान वर करा.

हे चर्च ५४७ च्या सुमाराला पूर्ण झालं. ज्युलिआनुस आर्जेन्तारिउस नावाच्या एका सावकाराने त्यासाठी २६,००० सोन्याची नाणी दिल्याची नोंद आहे. वेदीच्या डाव्या भिंतीवर सम्राट जस्टिनियन आणि उजवीकडे सम्राज्ञी थिओडोरा, समोरासमोर. त्याच्या हातात भाकरीचं सोनेरी पात्र, तिच्या हातात द्राक्षारसाचा प्याला. दोघांपैकी कोणीही राव्हेन्नात कधीच आलं नाही. कॉन्स्टँटिनोपलमधला सम्राट आपल्या नव्या प्रजेसमोर उभा राहिला तो असा, काचेच्या तुकड्यांमधून.

दोन गोष्टी दुर्बिणीने शोधा. जस्टिनियनच्या शेजारच्या टकल्या माणसाच्या डोक्यावर "माक्सिमिआनुस" लिहिलं आहे. तो इथला बिशप, आणि सबंध मिरवणुकीत नाव फक्त त्याचं आहे, सम्राटाचंही नाही. आणि थिओडोराच्या झग्याच्या काठावर बाळ येशूला भेटी घेऊन निघालेले तीन मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) विणलेले दाखवले आहेत. आपल्याकडे पैठणीच्या पदरात मोर आणि कमळं भरतात तशी, पण काचेत.

इमारत अष्टकोनी आहे. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने पुढे जर्मनीतल्या आखेनला आपलं प्रार्थनामंदिर बांधताना हीच समोर ठेवली होती.

११. हे मोझाइक इतकं चमकतं कसं? रंगवलेलं आहे का?

रंगाचा एक थेंबही नाही. रंगीत काचेचे आणि दगडाचे लहान चौकोनी तुकडे ओल्या चुन्याच्या गिलाव्यात दाबून बसवलेले आहेत. सोनेरी तुकड्यात सोन्याचा अतिशय पातळ वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये घातलेला असतो, म्हणून सोनं झिजत नाही आणि काळवंडत नाही. गिलावा वाळायच्या आत काम उरकायचं, म्हणून एका वेळी पुरेल एवढाच भाग लिंपायचा.

खरी करामत कोनात आहे. तुकडे सपाट बसवलेले नाहीत, प्रत्येकाचा कल किंचित वेगळा. तेलाच्या दिव्यांच्या हलत्या उजेडात भिंत जिवंत व्हावी म्हणून ते तसे आहेत. म्हणूनच एका जागी उभं राहून फोटो काढला तर तो मंद येतो. चार पावलं डावीकडे जा, परत उजवीकडे या, आणि सोनं कसं सरकतं ते बघा. चित्रकार गुस्ताव्ह क्लिम्ट १९०३ मध्ये इथे येऊन गेला आणि त्याच्या पुढच्या चित्रांत सोनं उतरलं.

१२. दोन बाप्तिस्मागृहं आहेत आणि दोन्हींत सारखंच चित्र. दोन्ही बघायची गरज आहे का?

वेळ असेल तर जरूर, पण निओनचं आधी. दोन्हींच्या घुमटात जॉर्डन नदीत ख्रिस्ताचा बाप्तिस्मा आणि भोवती बारा शिष्य आहेत. निओनचं पाचव्या शतकातलं, मूळ चर्चवाल्यांचं. दुसरं थिओडोरिकच्या काळातलं, आरियन पंथाचं. ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा नाही, त्याने निर्माण केलेला आहे, असं आरियन मानत. एकाच गावात दोन पंथ शेजारी राहत होते, म्हणून सगळं दोन-दोन. दोन्ही चित्रांत नदीला माणसाचं रूप दिलं आहे. आरियन चित्रात त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर खेकड्याच्या नांग्या आहेत.

निओनच्या इमारतीचा मूळ तळ आजच्या रस्त्याच्या तीनेक मीटर खाली गेला आहे. सगळं गावच हळूहळू खचत आलं आहे, त्याचं आणखी एक रूप प्रश्न २० मध्ये.

१३. सांत आपोल्लिनारे नुओव्होत खांबांवर नुसते हात दिसतात, ते काय आहे?

शाबास, हे फार थोड्यांना दिसतं. हे थिओडोरिकच्या राजवाड्याचं चर्च. आत शिरल्यावर उजव्या भिंतीच्या सुरुवातीला "पालातिउम" म्हणजे राजवाड्याचं चित्र आहे. त्याच्या कमानींत पूर्वी माणसं होती, बहुधा राजा आणि त्याचे दरबारी. गॉथांचं राज्य गेल्यावर नव्या सत्तेने चर्च आरियनांकडून काढून घेतलं, ती माणसं खरवडली आणि जागी पडदे बसवले. पण काहींचे हात खांबांवर आले होते. ते तोडले तर खांबही मोडावे लागले असते, म्हणून हात राहिले. माणूस पुसला आणि त्याचा हात चौदा शतकं खांबाला धरून आहे. राव्हेन्नातली एकच गोष्ट दाखवायची झाली तर मी हे हात दाखवेन.

त्यापुढे उजवीकडे २६ हुतात्मे आणि समोरच्या भिंतीवर २२ कुमारिका ओळीने चालल्या आहेत. कुमारिकांच्या पुढे तीन मागी, डोक्यावर लाल टोप्या. कुमारिकांची मिरवणूक निघते ती क्लास्सेच्या बंदरातून, तिथली गलबतं बघा.

१४. दान्ते तर फ्लोरेन्सचा ना? मग समाधी इथे कशी?

१३०२ मध्ये फ्लोरेन्सने त्याला हद्दपार केलं आणि तो परत कधी गेला नाही. शेवटची वर्षं राव्हेन्नात काढली, 'दिव्हिना कोम्मेदिया' या महाकाव्याचा शेवटचा भाग इथेच पूर्ण केला आणि सप्टेंबर १३२१ मध्ये व्हेनिसच्या वकिलातीहून परतताना हिवतापाने तो गेला. फ्लोरेन्सने अस्थी मागितल्या, राव्हेन्नाने दिल्या नाहीत. १५१९ मध्ये पोपची परवानगी घेऊन फ्लोरेन्सची माणसं आली, तर पेटी रिकामी. फ्रान्सिस्कन साधूंनी भिंतीला भोक पाडून अस्थी आधीच लपवल्या होत्या. त्या सापडल्या १८६५ मध्ये, एका लाकडी खोक्यात. फ्लोरेन्सच्या सान्ता क्रोचेमधली समाधी आजही रिकामी आहे.

इथली छोटी पांढरी इमारत १७८० च्या दशकाच्या तोंडावर बांधली. आत एक दिवा सतत तेवत असतो आणि त्याचं तेल दर सप्टेंबरला फ्लोरेन्सहून येतं. प्रवेशाला तिकीट नाही. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांनी तिथे दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

१५. मी शाकाहारी आहे. प्यादिना खाऊ शकते का?

विचारल्याशिवाय नाही. प्यादिना दिसते आपल्या जाड पोळीसारखी, तव्यावरच भाजतात, आत चीज आणि पाला घालून दुमडून देतात, त्यामुळे आपली मुलं बिनधास्त घेतात. पारंपरिक प्यादिनाच्या कणकेत स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी असते. भरण शाकाहारी असलं तरी पोळी नसते. "सेन्त्सा स्त्रुत्तो?" (चरबीशिवाय?) असं विचारा. ऑलिव्ह तेलाची बऱ्याच ठिकाणी मिळते. मग त्यात स्क्वाक्वेरोने हे मऊ, आंबूस चीज आणि रुकोला घ्या.

आणखी कडक पाळणाऱ्यांसाठी : पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. आणि काप्पेल्लेत्ती (सारण भरलेला पास्ता) इथे रश्श्यात देतात, तो रस्सा मांसाचा असतो. शंका असेल तर घरून पोळी-भाजीचा डबा न्या, सान व्हितालेजवळच्या बागेत बसून खाता येतो. कॉफी उभ्याने काउंटरवर घेतली की स्वस्त पडते, बसलात की दर वाढतो.

१६. क्लास्सेचं चर्च गावाबाहेर आहे. जाण्याजोगं आहे का?

चार वास्तू निवांत झाल्या आणि दिवस मोठा असेल तर नक्की. राव्हेन्नापासून रिमिनीकडे जाणाऱ्या गाडीचं पहिलंच स्टेशन, किंवा शहरातली बस. ५४९ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च आता शेतांच्या मधोमध उभं आहे, पूर्वी इथे बंदर होतं. आत संगमरवराच्या खांबांच्या दोन रांगा आणि समोर हिरवंगार कुरण : फुलं, झाडं, दोन्ही बाजूंनी बारा मेंढ्या, मधे हात पसरून उभा असलेला संत आपोल्लिनारे. सान व्हितालेचं सोनं डोळ्यांत साठल्यावर हा हिरवा रंग फार बरा वाटतो. परतीची गाडी जाण्याआधी बघून ठेवा, दर थोड्या वेळाने नसते.

थिओडोरिकची समाधी रुळांच्या पलीकडे, स्टेशनपासून वीस मिनिटं चालत. आत मोझाइक नाही. तिचं छत मात्र इस्त्रियाच्या दगडाच्या एकाच शिळेचं आहे, व्यास दहा मीटरच्या आसपास. स्थापत्यवाल्यांनी चुकवू नये, बाकीच्यांनी वेळ बघून ठरवावं.

१७. आई-बाबा भेटायला आलेत, बाबांना फार चालवत नाही. नेऊ का?

न्या. गाव सपाट आहे, चढ नाही, मधला भाग गाड्यांना बंद आहे. सान व्हिताले, नुओव्हो आणि दान्ते एवढंच ठेवा, मधे पिआत्सा देल पोपोलोत अर्धा तास बसवा. चर्चमध्ये बाकं असतात, आणि मोझाइक बसूनच बरं दिसतं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हे आई-बाबांपेक्षा तुम्हीच उन्हाळ्यात लक्षात ठेवा. फोटो चालतात, फ्लॅश नको.

१८. परमेसो अजून आलेला नाही, नुसती पोस्टाची पावती आहे. प्रवास करू का?

इटलीच्या आत हरकत नाही. पासपोर्ट आणि पावती बरोबर ठेवा, कारण पोलिसांनी विचारलं तर ओळख आणि वास्तव्याचा कागद दोन्ही दाखवावं लागतं. युनिव्हर्सिटीचं कार्ड त्याची जागा घेत नाही. पावतीवर इटलीबाहेर जायचं असेल तर तो वेगळा विषय आहे, तेव्हा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात आधी विचारा.

१९. जायच्या दिवशी "शोपेरो" आहे असं दिसतंय. आता?

शोपेरो म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो, शुक्रवारी जास्त असतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठराविक रीजनल गाड्या संपातही चालवाव्या लागतात. सकाळी आठला जाऊन संध्याकाळी सातला परत, असा दिवस बसतो. रविवारी आणि सणाला ही हमी रीजनल गाड्यांना नसते, म्हणून रविवारचा संप असेल तर बेत पुढे ढकला.

मोठ्या पावसाचा लाल इशारा असेल तेव्हाही हेच. मे २०२३ मध्ये या प्रांतात मोठा पूर आला, रूळ पाण्याखाली गेले, माणसं गेली. तेव्हापासून इथले लोक इशारा आला की घराबाहेर पडत नाहीत. आपणही पडू नये.

२०. एकदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तर काय बघू?

आधी सान्त एउफेमिया चर्चच्या खालचं "दगडी गालिच्यांचं घर". १९९३-९४ मध्ये खोदकामात सापडलं : जमिनीखाली तीन मीटरवर चौदा खोल्या आणि त्यांच्या मोझाइकच्या फरशा. इतरत्र मान वर करावी लागते, इथे खाली बघत चालायचं.

मग सान फ्रांचेस्को. दान्तेचं अंत्यदर्शन इथेच झालं. वेदीच्या खाली एक लहान खिडकी आहे, तिच्याजवळ वाकून उभं राहा, यंत्रात नाणं टाका, खाली दिवा लागतो. तळघर पाण्याने भरलेलं आहे. गाव खचलं आणि जमिनीतलं पाणी वर आलं, ते आता तिथेच असतं. पाण्याखाली जुन्या मोझाइकची फरशी दिसते आणि तिच्यावरून लाल-सोनेरी मासे पोहत असतात. दिवा थोड्या वेळाने विझतो, म्हणून खिशात दोन-तीन सुटी नाणी ठेवा.